घराण्याचा घोळणा

बरीच वर्षं मी थकलेला होतो आणि तो थकवा वयाचा आहे असं धरून चाललो होतो. लंडनमधल्या हॅरोच्या स्टेशनवरचा जिना चढताना मध्येच थांबायचं, फोनवर काहीतरी आलंय असं दाखवायचं आणि दम परत आला की उरलेल्या पायऱ्या चढायच्या, हे मी इतक्या सराईतपणे करत असे की बायकोच्याही लक्षात आलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली, रोजचा मेट्रोपॉलिटन लाइनचा प्रवास, बँकेच्या जुन्या सिस्टिम्स जिवंत ठेवायचं काम. आमच्या ओळखीतले सगळेच पुरुष थकलेले होते. शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की एक म्हणायचा, व्हिटॅमिन डी घे, दुसरा म्हणायचा, बी-ट्वेल्व्ह तपास, आणि तिसरा सोफ्यावरच झोपलेला असायचा. त्यामुळे आपल्यात काही वेगळं चाललंय अशी शंका यायला वाव नव्हता.

माझ्या नाकातून रक्तही येत असे. आठवड्यातून दोनदा, कधी रोज. पण त्याचा आणि थकव्याचा संबंध मी कधी लावला नाही, कारण नाकातून रक्त येणं हा आमच्या घरात आजार मानलाच जात नव्हता.

मी मूळचा नागपूरचा. तिथल्या मे महिन्यात कुणाचाही घोळणा फुटतो. शाळेच्या मैदानावर एखादं पोर नाक धरून खाली बसलं की बाकीची पोरं खेळ थांबवतसुद्धा नसत. डोक्यावर गार पाणी ओतायचं, कांदा फोडून हुंगायला द्यायचा, रक्त थांबलं की परत खेळायला जायचं. फरक एवढाच की इतरांचा घोळणा उन्हाळ्यात फुटे आणि आमचा बारा महिने. माझ्या वडिलांचा फुटायचा, त्यांच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आत्याचा फुटायचा आणि माझाही. आत्याला त्याचा चक्क अभिमान होता. ती पदराने नाक दाबून धरत म्हणायची, "आमचं रक्तच गरम. थंड रक्ताचं माणूस आमच्या घरात जन्मत नाही." वडिलांच्या खालच्या ओठावर आणि बोटांच्या टोकांवर मोहरीएवढे लाल ठिपके होते. त्यांना आम्ही लाल तीळ म्हणायचो. लाल तीळ नशीबवान माणसाला असतो, हे लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की वयाच्या पस्तिशीत माझ्या ओठावर तसाच ठिपका उमटला, तेव्हा मी तो आरशात मोठ्या समाधानाने बघितला होता.

वडील वारले तेव्हा मी बारावीत होतो. मे महिनाच होता. जेवताना त्यांनी डोकं धरलं, काहीतरी बोलले ते आम्हाला कळलं नाही आणि ते ताटावरच कलंडले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. ब्लड प्रेशर असणार, असंही म्हणाले. त्यांना ब्लड प्रेशर कधी नव्हतं, पण हे सांगायला तेव्हा कुणाला सुचलं नाही. तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "मे महिन्यात जवसाची चटणी खायला घालत होतीस त्याला. एवढं उष्ण. तुला ठाऊक होतं ना त्याचं रक्त गरम आहे ते?" ती चटणी वडिलांना फार आवडायची, ते रोज मागायचे. त्यानंतर आमच्या घरात जवस आलं नाही. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मुलगे अशा गोष्टींकडे लक्ष देत नाहीत.

नोकरीच्या निमित्ताने मी इकडे आलो, लग्न झालं, मुलगी झाली. ऊन गेलं, पण घोळणा काही गेला नाही. डिसेंबरच्या हॅरोत उन्हाला दोष देता येईना, म्हणून आम्ही सेंट्रल हीटिंगला द्यायला लागलो. घरातली हवा कोरडी पडते, असं सगळेच म्हणत. मी प्रत्येक रेडिएटरवर पाण्याची वाटी ठेवली आणि प्रश्न सुटला असं समजलो. नागपूरला उष्णता बाहेरून येत होती, इथे भिंतीतून यायला लागली, एवढंच आमचं संशोधन.

लेक पहिलीत असताना शाळेत तिच्या नाकातून रक्त आलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, एकदा जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला दाखवून घ्या. मी हसून म्हणालो, आमच्या घराण्यातच आहे हे. जणू काही तिचा आवाज गोड आहे किंवा तिची उंची आजोबांसारखी आहे, अशा थाटात. जीपीने तिला पाहिलं तेव्हा मुलांना असं होतं म्हणाला. त्याच संध्याकाळी नागपूरला फोन लावला. आई म्हणाली, "म्हणजे तुमच्यावरच गेली म्हणायची." आणि मी खूश झालो. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. मुलगी दिसायला सगळी बायकोसारखी होती. तिच्यात माझ्या वडिलांचं काहीतरी उतरलं, याचा मला आनंद झाला होता.

दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये खुर्चीवरून उठलो आणि खाली बसलो, तो जमिनीवर. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की जीपीने स्वतः फोन करून हॉस्पिटलला पाठवलं. रक्त कुठून जातंय ते शोधायला तोंडातून आणि खालून कॅमेरे घातले. फारसं काही सापडलं नाही. मग एका क्लिनिकमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला ओठ खाली ओढायला सांगितला, टॉर्च मारला आणि हात पुढे करायला लावले. बोटांची टोकं तिने एकेक करून पाहिली. घरात आणखी कुणाला असे ठिपके आहेत का, असं तिने विचारलं. मी वडिलांचं सांगितलं, आत्याचं सांगितलं. नाकातून रक्त? हो, सगळ्यांच्याच. वडील कशाने गेले? मी सांगितलं. ती एकदम हळू बोलायला लागली. तिच्या आवाजातल्या त्या बदलावरूनच मला कळलं की आता ती जे सांगणार आहे ते माझ्याबद्दल असलं तरी माझ्यापाशी थांबणारं नाही.

त्या आजाराचं नाव लांबलचक आहे. सगळे नुसतं एचएचटी म्हणतात. पुढे जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. शाळेत आपण शिकलेलो असतो: रोहिण्या हृदयाकडून जोराने रक्त आणतात, नीला ते परत नेतात आणि दोन्हींच्या मध्ये केसासारख्या बारीक केशवाहिन्यांची जाळी असते. त्या जाळीत रक्ताचा जोर मोडतो. रक्तवाहिन्या घडत असताना कुठे रोहिणी, कुठे नीला आणि मध्ये जाळी कशी विणायची, याच्या सूचना काही जनुकांमधून मिळतात. आमच्या घरात अशाच एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे. त्यामुळे काही ठिकाणी जाळी विणलीच जात नाही, रोहिणी सरळ नीलेला जाऊन मिळते. मला ते असं कळलं की एम-वन हायवेची सगळी वाहतूक कुठेही वेग कमी न करता थेट आमच्या गल्लीत सोडली आहे. गल्ली तेवढ्यासाठी बांधलेलीच नाही. नाकात किंवा ओठावर असं झालं तर थोडं रक्त येतं. मेंदूत झालं तर ती पातळ भिंत आयुष्यभर तग धरेल, किंवा एखाद्या दिवशी जेवताना फुटेल. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अशा गाठी बहुतेक वेळा फार लहानपणी, कित्येकदा जन्माच्या आधीच तयार झालेल्या असतात, असं ते म्हणाले. म्हणजे वडील ती डोक्यात घेऊनच जगले होते.

मी विचारलं की सगळ्यांच्याच मेंदूत असते का. ते म्हणाले, नाही, थोड्यांच्याच. एकाच घरात, एकाच बिघडलेल्या प्रतीने, एकाला नुसतं नाक, दुसऱ्याला फुप्फुस, तिसऱ्याला मेंदू. असं का, ते पूर्ण कळलेलं नाही. जनुकाचा बिघाड अंगभर असतो, पण गाठ एखाद्याच जागी होते, म्हणजे त्या जागी आणखी काहीतरी छोटं बिनसावं लागत असणार, असं समजतात. शेवटी त्यांनी अगदी सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती?

एक, मी म्हणालो. मुलगी. तिच्यात ही प्रत जाण्याची शक्यता अर्धी अर्धी. वडिलांचा इतिहास पाहता माझ्या मेंदूचा एमआरआय केला. स्वच्छ निघाला. त्या दिवशी ट्रेनमध्ये बसून मी रडलो आणि समोरच्या बाईंनी मला टिश्यू दिला. वाईट बातमी मिळाली असेल असं त्यांना वाटलं असणार. मला शरम वाटत होती, ही चांगली बातमी चुकीच्या माणसाला मिळाली म्हणून.

लेक तेव्हा वॉटफर्डच्या एका प्रायमरी शाळेत नुकतीच शिक्षिका झाली होती. राहायला आमच्याकडेच, कारण भाडी परवडत नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, चित्रसुद्धा काढलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके. पण मला टेस्ट नकोय, बाबा."

मी म्हणालो की साधी रक्ताची तपासणी आहे. ती म्हणाली, "आत्ता मी नॉर्मल आहे. एकदा कळलं की ते परत न कळलेलं नाही करता येत."

यावर गप्प बसावं, असं क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी मला सांगितलं होतं. सज्ञान मुलीचा निर्णय तिचा असतो, माहिती द्या आणि वाट बघा. मी गप्प बसलो नाही. मी तिला लिंका पाठवायचो. जेवताना तिच्या ओठांकडे बघायचो. ती डोकं दुखतंय म्हणाली की मी हातातलं काम टाकून उठायचो. बाथरूममध्ये नळ जास्त वेळ वाहिला तर बाहेर जाऊन उभा राहायचो, रक्त धुतेय की काय म्हणून. तिने आमच्यासमोर डोकं दुखतंय म्हणणं बंद केलं. मग आमच्याबरोबर जेवणं कमी केलं. बायको एकदा मला म्हणाली, "टेस्ट व्हायच्या आधीच आजारी करून टाकलंस तू तिला." मला ते पटलं, पण मी थांबलो नाही. वडिलांचं कलंडणं मी पाहिलं होतं आणि ते मला रोज त्याच टेबलावर दिसत होतं, फक्त खुर्ची वेगळी होती.

एके दिवशी मी पुन्हा विषय काढला आणि कितव्यांदा तरी म्हणालो, माझ्यामुळे आहे हे, सॉरी. तिने हातातला मग खाली ठेवला.

"बाबा, तुला टेस्ट नकोय," ती म्हणाली. "तुला फक्त मी म्हणायला हवीये की इट्स ओके, तुझा फॉल्ट नाही. ते मी म्हणते, फाइन, इट्स नॉट युअर फॉल्ट. आता मला सोडशील?"

त्यानंतर काही आठवडे आम्ही एकमेकांशी फक्त बिन्स कधी बाहेर काढायच्या आणि दूध आहे का, एवढंच बोलत होतो.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती ऐंशीच्या घरात, नागपूरला एकटी, सोबतीला दिवसभर एक बाई. तिला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे तिच्यासमोर वडिलांचा विषय काढायची मला भीती वाटत होती. पण एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तिने माझा पांढराफटक चेहरा पाहिला आणि गुलकंद सुरू कर, सब्जा भिजवून घे, उष्णता वाढलीय तुझी, असं सांगायला लागली. लेक समोरच टेबलाशी बसून टोस्ट खात मुलांच्या वह्या तपासत होती. आईने पुन्हा उष्णता म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

"आई, उष्णता-बिष्णता काही नाही," मी म्हणालो, नको तेवढ्या जोरात. मग सांगत सुटलो. जनुक, केशवाहिन्या, एम-वनच्या जागी वर्धा रोड. बाबांना, आत्याला आणि मला एकच आजार, त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आलेला. बाबांच्या डोक्यातली ती शीर कदाचित त्यांच्या जन्माच्या आधीपासूनच तशी घडलेली होती. मी लेकीचं नाव घेतलं नाही, तरी तिची पेन्सिल थांबलेली मला दिसली.

मग आईने विचारलं, "म्हणजे खाण्यानं नाही झालं?"

"खाण्याचा काय संबंध?"

"जवसानं?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. "नाही गं आई," मी म्हणालो. "जवसाने नाही. कशानेच नाही."

तिने फोन खाली ठेवला. पडद्यावर नुसतं छत आणि फिरणारा पंखा दिसत होता. लांबून नळाचा आवाज आला. लेक उठून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि हळूच विचारलं की जवस म्हणजे काय. मी सांगितलं, फ्लॅक्ससीड. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की याने तिला काहीच उलगडलं नाही. इथे ते लोक तब्येतीसाठी दह्यावर टाकून खातात.

आई परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. लेकीने फोन माझ्या हातून घेतला आणि तिला सरळच विचारलं. आईने मग सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. चटणी, तेरावा, आत्याचं बोलणं. त्यानंतर सासरच्या कुणी तिच्या हातचं मोकळेपणाने खाल्लं नाही, हे मला माहीत नव्हतं. सणावाराला ती फक्त भाज्या चिरायला बसायची, कढईजवळ दुसरंच कुणीतरी असायचं. आणि तिने स्वतःही ते कधी खोटं मानलं नव्हतं. आपण नवऱ्याला मारलं, असंच ती धरून चालली होती. एवढी वर्षं ती रोज देवापुढे उभी राहून काय मागत होती, ते मला त्या सकाळी हॅरोच्या स्वयंपाकघरात कळलं.

"आत्याआजी सो मीन होती," लेक म्हणाली.

"तसं नाही गं," आई म्हणाली. "तिचा पाठचा भाऊ गेला होता. कारण माहीत नसलं की माणूस हाताशी सापडेल त्याला धरतं. मी सापडले."

मी तोपर्यंत रडत होतो, ते तिला पडद्यावर दिसलं असावं. "आणि हा कशाला रडतोय आता?" ती नातीला म्हणाली. "मी निदान चटणी तरी वाटली होती. यानं काय केलंय?"

"ही थिंक्स ही गेव्ह इट टू मी," लेक म्हणाली.

"काय म्हणतेय ती?" आईने मला विचारलं. मी मराठीत सांगितलं की हे तिच्यातही असू शकतं आणि माझ्याकडून गेलेलं असू शकतं. या वेळी फोन खाली गेला नाही. आई म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांनी तुला दिलं, त्यांना कुणीतरी दिलं. वाटून देताना कुणी बघितलं का काय देतोय ते? उगाच मोठेपणा घेऊ नकोस."

मोठेपणा हा शब्द मला लागला. अपराधी वाटून घेण्यात मोठेपणा असतो असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्यानंतर मी तो शब्द पुष्कळ वेळा उलटून पाहिला आहे आणि आई चुकली असं म्हणायची माझी तयारी नाही.

चारसहा दिवसांनी लेक माझ्या खोलीच्या दारात आली. टेस्ट करते म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने हात वर केला.

"तुझ्यासाठी नाही. आजीने तीस इयर्स चुकीचं कारण घेऊन काढले, बिकॉज कोणी बघितलंच नाही. मला खरं काय ते पाहिजे. आणि तू यायचं नाही. तू तिथे बसणार आणि डॉक्टर मला सोडून तुला पाणी देणार."

मी कबूल झालो. रक्ताच्या तपासणीत बिघडलेली प्रत निघाली. ते तिने मला सांगितलं तेव्हा मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो, ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, आणि मी काही बोलत नाही हे पाहून स्वतःच म्हणाली, "वेल डन." फुप्फुसांची तपासणी ठीक आली. मेंदूचं स्कॅन करायचं का, यावर इथे आधी तुमच्याशी बोलतात, सरसकट करत नाहीत, कारण काही सापडलंच तर त्याचं काय करायचं हे प्रत्येक वेळी स्पष्ट नसतं. तिने करायचं ठरवलं. हाफ-टर्मच्या सुट्टीत स्कॅन झालं आणि त्यानंतर काही आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. बायको तिच्याबरोबर गेली.

मी घरी राहिलो. रेडिएटरमधली हवा काढली, किटलीतला क्षार साफ केला, जिन्यावर बसून राहिलो. दुपारी फोन वाजला तो नागपूरहून.

"तिनं मला फोन केला होता," आई म्हणाली. "तुला संध्याकाळी स्वतः सांगणार आहे. पण मला राहवलं नाही. आहे एक. लहान आहे, वरच्या अंगाला. लगेच काही करायला नको म्हणालेत."

मी म्हटलं, तिने आधी तुला कसं सांगितलं? आई म्हणाली, "मी रडत नाही म्हणून." मग थोडं थांबून, "ती सांगेल तेव्हा तुला माहीत नाही असं वाग. येईल का तुला तेवढं?"

मला ते येईल की नाही, याची मलाच खात्री नव्हती. दुपारभर मी एकच विचार करत होतो: ते काढून टाका. किरणांनी जाळा, ऑपरेशन करा, जे असेल ते, पण तिच्या डोक्यातून ते काढून टाका. मी जे दिलं ते परत घ्या. हे तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर मला आवडलं नाही.

संध्याकाळी त्या दोघी आल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि कोट न काढताच वरण गरम करायला ठेवलं. जेवायला बसलो. लेकीने दोन घास खाल्ले आणि सांगायला लागली. किती मोठं, कुठे, काय म्हणाले. उपचार केला तर त्यातही धोका आहे, न केला तर दरवर्षी थोडा थोडा आहे. तिच्या बाबतीत दोन्हींपैकी कुठला मोठा ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. तज्ज्ञांच्या मीटिंगमध्ये तिचं स्कॅन पुन्हा बघणार आहेत, पण तूर्त लक्ष ठेवायचं, असा त्यांचा कल आहे. पुढच्या वर्षी परत स्कॅन.

"आणि मला पण तेच पाहिजे," ती म्हणाली. "लीव्ह इट. फॉर नाऊ."

ती मला बातमी सांगत होती, पण बघत होती ती माझ्या तोंडाकडे. बायकोही बघत होती. किरणांबद्दल वाचलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. दुसरं मत घेऊ या, हेही होतं. वडिलांचं नावही होतं.

"तुझं ठरलंय?" मी विचारलं.

"हो."

"बरं," मी म्हणालो.

तिने वरणाचं भांडं पुढे ओढून घेतलं. एवढंच झालं. त्या एका शब्दानंतर मी इतका थकलो होतो की ताट उचलायलाही बायकोलाच उठावं लागलं.

मला आता दर काही महिन्यांनी शिरेतून लोह देतात. त्यानंतर थोडे आठवडे जिना न थांबता चढता येतो, मग हळूहळू पुन्हा फोन बघायची वेळ येते. मन मात्र तेवढं हलकं होत नाही. आईने सांगितलं, लेकीने सांगितलं, डॉक्टरांनी तर चित्र काढून सांगितलं, तरी ते आतून पूर्ण सुटत नाही. आईचं मात्र एका सकाळीत सुटलं. तिला मी विचारलं की जवसाची चटणी आता करून बघणार का. म्हणाली, दातांना नाही चालत रे, बिया अडकतात.

लेकीने माझ्यासाठी एक नियम घातला आहे. तिचं डोकं दुखलं तर ती लपवणार नाही आणि मी विचारणार नाही. ती आपणहून सांगेल, कसलं आहे ते. परवा शाळेतून आली, बॅग जिन्याच्या पायरीवर टाकली आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. ओट्याची कड धरली आणि तिथेच थांबलो.

"साधं आहे, बाबा," तिने डोळे मिटूनच सांगितलं. "दिवसभर पाऊस, वेट प्ले होता, मधली सुट्टीपण वर्गातच. तीस मुलं, एक खोली."